उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया : शोधली कोणासाठी, मागतंय कोण?

"डॉक्टर, ऑपरेशन करून उंची वाढते का?" हा प्रश्न हल्ली विशी-पंचविशीतली मुलं विचारतात. भरतीत उंची कमी पडते, नाहीतर स्थळं नकार देतात, ही त्यामागची नेहमीची कारणं. उत्तर सरळ आहे : हो, वाढते. पण हे तंत्र कोणासाठी शोधलं गेलं हे कळलं, तर ते आपल्याला हवं आहे का हे ठरवणं सोपं जाईल.

१९०५ साली इटलीतल्या बोलोन्या शहरात कोदिविला या सर्जननं आखूड पायाचं हाड कापून, पाय जोरानं ओढून तो लांब करण्याची पद्धत मांडली. पण ओढ एकदम बसल्यामुळे नसांना इजा व्हायची, जखमा चिघळायच्या.

खरं उत्तर सापडलं १९५० च्या दशकात, सायबेरियातल्या कुर्गान प्रांतात. युद्धात जखमी झालेले, हाडं न जुळलेले अनेक रुग्ण तिथे डॉ. इलिझारोव यांच्यासमोर होते. त्यांनी पायाभोवती धातूची कडी बसवून ती हाडातून आरपार घातलेल्या ताणलेल्या तारांना जोडली. हाड अलगद कापायचं, काही दिवस थांबायचं आणि मग रोज फक्त १ मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ताणायचं. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. घाई केली तर हाड धरत नाही. फार हळू गेलं तर ते वेळेआधीच जुळतं.

ऑलिम्पिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक मिळवणारा व्हॅलेरी ब्रुमेल १९६५ मध्ये मोटरसायकल अपघातात जायबंदी झाला. अनेक शस्त्रक्रियांनंतर तो इलिझारोव यांच्याकडे गेला आणि बरा झाला. १९८० मध्ये इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांचा पाय तिथेच सुधारला. पुढच्याच वर्षी इलिझारोव यांना इटलीत बोलावलं गेलं आणि पाश्चात्त्य जगाला ही पद्धत कळली.

इथपर्यंतचे सगळे रुग्ण धड चालू न शकणारे होते. पुढे धडधाकट माणसंही रांगेत आली. चीनमध्ये नोकरीच्या जाहिरातींतही उंचीची अट असे आणि लग्नाच्या बाजारातही. तिथे ही शस्त्रक्रिया झपाट्यानं पसरली, पाय अधू झाल्याच्या तक्रारी वाढल्या आणि २००६ मध्ये सरकारनं निव्वळ सौंदर्यासाठी ती करण्यावर बंदी घातली.

आता तुमचा हिशेब मांडा. ६ सेंमी वाढीसाठी ताणण्यातच साधारण दोन महिने जातात. नवं हाड भक्कम व्हायला त्याहून जास्त काळ लागतो. पूर्ववत धावायला वर्ष लागू शकतं, कधी तो वेग परत येतच नाही. हाडाच्या आत बसणाऱ्या चुंबकीय रॉडमुळे बाहेरच्या कड्यांचा त्रास टळतो, पण हाड वाढण्याचा वेग तोच राहतो. स्नायू आखडणं, घोटा वाकडा होणं, नस ताणली जाणं, हाड न जुळणं हे धोकेही राहतात.

नोकरीसाठी विचार करत असाल, तर महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६५ सेंमी उंची लागते, पण १६०० मीटर धावावंही लागतं. अशी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार चालतो का, हे भरती अधिकाऱ्यांकडून आधी लेखी विचारा.

आणि नकारामुळे खचला असाल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ते वेडेपणाचं लक्षण नाही. काहीजण या शस्त्रक्रियेनंतर समाधानी असतात, हे खरं. पण स्वतःच्या शरीराबद्दलची टोचणी खोलवर असेल, तर उंची वाढली तरी ती उरतेच. तीन-चार महिने थांबून, घरच्यांशी बोलून आणि हाडांच्या दोन वेगवेगळ्या डॉक्टरांना भेटूनच निर्णय घ्या. थांबल्यानं तुमचं काही बिघडणार नाही. कापलेलं हाड मात्र न कापलेलं करता येत नाही.