मागण्यासाठी चालणे

1951 च्या मार्चमध्ये विनोबा भावे वर्ध्याहून पायी निघाले आणि महिनाभराने हैदराबादला लागून असलेल्या शिवरामपल्लीत सर्वोदय संमेलनाला पोहोचले. संमेलन आटोपल्यावर त्यांनी सशस्त्र उठावाने होरपळलेल्या तेलंगणातल्या खेड्यांची वाट धरली. 18 एप्रिलला पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी 80 एकर जमीन हवी असल्याचे सांगितले. विनोबांनी ती मागणी सभेत मांडली आणि रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथे 100 एकर देऊ केली. तेलंगणातल्या त्या 51 दिवसांत सुमारे 12 हजार एकरांची दाने मिळाली. आज हैदराबादेत नेकलेस रोडवर किंवा केबीआर पार्कच्या आसपास एखाद्या आजाराच्या नावाने लोक सकाळी चालतात, तेव्हा या प्रथेचे मूळ आपण परदेशात शोधतो. कॅनडात 1967 साली ‘माइल्स फॉर मिलियन्स’ ही पदयात्रा निघाली, 1980 साली कृत्रिम पायावर धावणाऱ्या टेरी फॉक्सने कर्करोग संशोधनासाठी निधी उभा केला. नोंदणी शुल्क, टी-शर्ट, पुरस्कर्ते हा सगळा सरंजाम तिकडूनच आला, यात वाद नाही. पण स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्याची गरज चारचौघांत मांडत चालण्याची रीत याच मातीने आधी पाहिली होती. आजारी मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरसाठी, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपशामक सेवेसाठी, निघणारी पदयात्रा मला त्याच रीतीच्या मापाने तोलावीशी वाटते. तिने किती रक्कम जमवली, यापेक्षा तिने कोणती मागणी जाहीरपणे केली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

याचे कारण हैदराबादच्याच इतिहासात सापडते. रेड हिल्स भागात शहराच्या दोन जुन्या रुग्णसंस्था शेजारी शेजारी आहेत. राजकन्या निलोफर यांची एक सेविका बाळंतपणात दगावली. त्या दुःखातून उभे राहिलेले निलोफर रुग्णालय 1953 मध्ये सुरू झाले. 1955 मध्ये मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आले. तेव्हा नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते, म्हणजे मराठवाड्याच्या दृष्टीने ही घरचीच रुग्णालये होती. मुलांसाठी आणि कर्करोगासाठी इमारती अशा पन्नाशीच्या दशकातच उभ्या राहिल्या. मेहदी नवाज जंग संस्थेत पॅलिएटिव्ह केअरचे काम मात्र डॉ. गायत्री पालट यांच्या पुढाकाराने 2006 मध्ये सुरू झाले. मधल्या पन्नास वर्षांच्या उशिराला केवळ पैशाची चणचण जबाबदार नव्हती. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे आणि ज्या अफूपासून ते बनते, तिची कायदेशीर लागवड मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. तरीही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले की, अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. हा फास सैल करणारी दुरुस्ती 2014 मध्ये झाली. मुलांच्या बाबतीत वैद्यकातला एक जुना गैरसमजही आड आला. तान्ह्यांना मोठ्यांसारखी वेदना जाणवत नाही, असे मानून नवजातांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. 1987 मध्ये डॉ. कंवलजीत आनंद यांच्या संशोधनाने त्या समजाला मोठा धक्का दिला. कायदा आणि समजूत, दोन्ही बदलायला आवाज लागतो.

अशा पदयात्रेवर पहिला आक्षेप येतो तो असा की, बऱ्या न होणाऱ्या मुलांवर खर्च करण्यापेक्षा तो पैसा बऱ्या होणाऱ्यांवर लावावा. हा आक्षेप उपशामक सेवेला मरणाच्या दारातली सेवा समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1998 च्या व्याख्येनुसार मुलांची ही सेवा निदानापासूनच सुरू होते आणि आजारावरचे उपचार चालू असोत वा नसोत, ती चालू राहते. केमोथेरपी घेऊन बरे होणाऱ्या मुलालाही तोंड सोलवटल्यावर घास गिळता येत नाही, त्यालाही ती हवीच. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा ऱ्हास असलेल्या मुलाला तर ती वर्षानुवर्षे लागते. लॅन्सेट आयोगाच्या 2017 च्या अहवालानुसार दरवर्षी जगात जवळपास 25 लाख मुले गंभीर यातना सोसत मरतात आणि त्यांतली 98 टक्क्यांहून अधिक विकसनशील देशांतली असतात. त्यांच्या आईबापांना हिशेबाची गोष्ट सांगायला माझी जीभ रेटत नाही.

हे काम सरकारचे आहे, हा दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण सरकार हलते कसे, हे केरळने दाखवले. 1993 मध्ये कोळिकोडला एक संस्था सुरू झाली, पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात शेजारपाजाऱ्यांच्या लहान लहान देणग्या आणि स्वयंसेवक यांवर गावोगाव सेवा पसरली आणि 2008 मध्ये राज्याने स्वतःचे धोरण जाहीर केले. आधी लोक, मग शासन, असाच तो क्रम होता. तेलंगणानेही जिल्हापातळीवर उपशामक केंद्रे काढली आहेत. ती चालती राहावीत म्हणून विचारत राहणाऱ्या लोकांची गरज यामुळे वाढते.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: एका सकाळचा उत्सव होतो, छायाचित्रे निघतात, पुढे काही घडत नाही. पोचमपल्लीतून सुरू झालेल्या विनोबांच्या भूदान चळवळीनेच त्याला पुरावा दिला आहे. देशभरात लाखो एकरांची दाने जाहीर झाली, पण पुष्कळ जमीन खडकाळ किंवा वादग्रस्त निघाली आणि मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. चालणारा पुढच्या गावी गेला आणि मागे सातबाऱ्याशी झगडणारे कोणी उरले नाही. पोचमपल्लीत निदान मागणी नेमकी होती: 80 एकर. म्हणून मुलांसाठीच्या पदयात्रेनेही नेमके मागावे आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब द्यावा. घरी जाऊन मुलाला पाहणाऱ्या परिचारिकेचा वर्षाचा पगार, तिच्या गाडीचे इंधन, वजनानुसार मात्रा ठरवून देता येईल असे पातळ मॉर्फिन, भावंडांशी बोलणारा समुपदेशक. आजारी मुलाचा चेहरा फलकावर लावून कणव उकळण्याचे तर मुळीच कारण नाही. आपले दुखणे रस्त्यावर मिरवायला त्या मुलाने संमती दिलेली नसते.

या यादीत मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची आणखी एक मागणी बसते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, पण नांदेड, देगलूर, धर्माबादकडची माणसे मोठ्या आजारासाठी आजही हैदराबाद गाठतात. उपचार संपवून मूल गावी परतते, तेव्हा तेलंगणाची जिल्हा केंद्रे राज्याच्या सीमेपाशी संपलेली असतात आणि रात्री दुखणे उसळले की, आईबापांपुढे पुन्हा काही तासांचा प्रवास उभा राहतो. तेव्हा नेकलेस रोडवरून निघणाऱ्या यात्रेच्या निवेदनाची एक प्रत मुंबईच्या मंत्रालयातही गेली पाहिजे आणि सीमेवरच्या तालुक्यांच्या रुग्णालयांत मॉर्फिन आणि ते लहान मुलाला देण्याचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असावा, हे त्यात तालुक्यांची नावे घालून लिहिलेले असले पाहिजे.