खडीने राखलेला लोहमार्ग

१/ ओकहॅम्प्टन हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील, डार्टमूरच्या माळाला उत्तरेकडून टेकलेले छोटे बाजारगाव. १८७१ मध्ये एक्झेटरहून येथे रेल्वे आली. १८७४ मध्ये जवळच्या मेल्डनच्या दरीवर लोखंडी पूल उभा राहिला आणि मार्ग पुढे सरकला. पुढे टॅव्हिस्टॉक हे दुसरे बाजारगावही याच मार्गाने जोडले गेले.

२/ विसाव्या शतकात मोटारींनी प्रवासी ओढून नेले. तोट्यातील मार्ग बंद करावेत, असा सल्ला डॉ. रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने दिला. १९६८ मध्ये ओकहॅम्प्टन ते टॅव्हिस्टॉक हा टप्पा बंद झाला. पुढे त्याचे रूळही उखडले गेले. १९७२ मध्ये एक्झेटर-ओकहॅम्प्टन प्रवासी गाड्याही थांबल्या.

३/ मात्र या टप्प्याचे रूळ जागेवरच राहिले. कारण काय? ओकहॅम्प्टनच्या पलीकडे, मेल्डनला, रेल्वेची दगडखाण होती. रुळांखाली अंथरायची खडी तेथून मालगाड्यांनी एक्झेटरकडे जात असे. प्रवाशांना जे साधले नाही, ते दगडांनी साधले!

४/ २० नोव्हेंबर २०२१ रोजी, तब्बल ४९ वर्षांनी, ओकहॅम्प्टनची नियमित प्रवासी सेवा पुन्हा सुरू झाली. टॅव्हिस्टॉकला मात्र ती परतलेली नाही.

५/ गाडी थांबवणे आणि रूळ उखडणे हे दोन निर्णय वेगळे आहेत. पहिला पुढची पिढी बदलू शकते. दुसऱ्याची किंमत तिलाच मोजावी लागते.