हार्ड डिस्क तीच, डेटाही तोच. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर का उघडत नाही?

जुन्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला जोडली, की कधीकधी ती रिकामी किंवा खराब झाल्यासारखी दिसते. पण डिस्क ठणठणीत असू शकते. गोंधळ असतो तो पत्त्यांचा.

डिस्कची जॉमेट्री म्हणजे काय?

पूर्वी डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर या तीन आकड्यांनी सांगितली जायची. हीच डिस्कची जॉमेट्री. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट्स मावायचे.

मर्यादा कुठून आली?

बायोसला १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टरपर्यंतच मोजता यायचं. आयडीई डिस्कची मर्यादा वेगळी होती: ६५,५३६ सिलिंडर, १६ हेड, २५५ सेक्टर. दोघांना चालेल असा पत्ता हवा, तर प्रत्येक जोडीतला लहान आकडा घ्यावा लागे. १,०२४ × १६ × ६३ × ५१२ म्हणजे फक्त ५०४ एमबी!

मग तोडगा काय निघाला?

बायोस खोटी जॉमेट्री सांगू लागला. समजा, डिस्कमध्ये २,०४८ सिलिंडर आणि १६ हेड आहेत. बायोस सिलिंडर निम्मे करून १,०२४ आणि हेड दुप्पट करून ३२ सांगतो. जागा तेवढीच राहते. डॉससारखी सिस्टिम बायोसवर विसंबून असल्याने तिचं काम भागलं. या पद्धतीने मर्यादा सुमारे ८.४ जीबीपर्यंत गेली.

अडचण कुठे येते?

वरच्या डिस्कवर 'सिलिंडर ५००, हेड ०, सेक्टर १' हा पत्ता ३२ हेडच्या हिशोबाने १०,०८,००० सेक्टर सोडून येतो. १६ हेडच्या हिशोबाने मात्र ५,०४,००० सेक्टर सोडून. म्हणजे बायोस सेटिंगमध्ये 'एलबीए'ऐवजी 'नॉर्मल' निवडलं, तरी सिस्टिम भलत्याच जागी वाचायला जाते.

आज काय स्थिती आहे?

एलबीए पद्धतीत प्रत्येक सेक्टरला सरळ अनुक्रमांक असतो. यूईएफआय आणि जीपीटी हेच क्रमांक वापरतात, त्यामुळे नव्या कॉम्प्युटरवर हा प्रश्न उरलेला नाही.

जुनी डिस्क हाती आली तर?

'फॉरमॅट करायचं का?' असं विचारलं, तर आधी 'नाही' म्हणा. डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. मूळ कॉम्प्युटर चालू असेल, तर त्याच्या बायोसमधलं डिस्कचं सेटिंग टिपून ठेवा आणि शक्यतो तिथूनच डेटाची कॉपी काढा.