टिळकांना जाब कशाचा?

चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याला गोळी घातली. जाब मात्र टिळकांना द्यावा लागला! टिळक तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सभासद. शिवाजी-उत्सव भरविणारा हा पुढारी मारेकऱ्यांचा पाठीराखाच, असा गिल्ला गोऱ्या पत्रांनी केला. कोर्टात मात्र खुनाशी संबंध असल्याचा आरोपच नव्हता. खटला चालला तो १५ जूनच्या ‘केसरी’वर. अफझलखानाच्या वधाला त्यात गीतेचा आधार दिला होता. म्हणजे पिंजऱ्यात टिळकांबरोबर गीताही उभी, आणि तीसुद्धा इंग्रजी भाषांतरातली! सहा युरोपियन पंचांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष. १४ सप्टेंबरला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. दामोदरपंत तोवर पकडलेही गेले नव्हते.