कांद्याला कळणारा दिवस

मंचरच्या बाजारात उन्हाळ्यात येणारा कांदा हिवाळ्यात लावलेला असतो. घोड नदीवर डिंभे धरण होण्याच्या कितीतरी आधी, जुन्या जाणत्यांनी हा हंगाम अनुभवातून बसवला होता.

त्यामागचं कारण १९२०मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी मांडलं: वनस्पतींना दिवस-रात्रीची लांबी कळते. पुढे प्रकाश टिपणारं फायटोक्रोम हे प्रथिनही सापडलं. दिवस लांबतो, ऊब वाढते, तसा पातीतल्या पेशींचा संदेश खाली पोचतो आणि पानांचे तळ फुगून कांदा पोसतो. केवढी विलक्षण गोष्ट! आपल्या जातींना बारा तासांच्या आसपासचा दिवस पुरतो. उत्तर युरोपातल्या जाती मात्र इथे नुसती पात वाढवतात.

१९९८मध्ये कांदा-लसूण संशोधन केंद्र नाशिकहून मंचरशेजारच्या राजगुरुनगरला आलं. रब्बीसाठीची ‘भीमा शक्ती’ ही कांद्याची जात तिथलीच.

कांदा पोसून पातीच्या माना पडल्या की काढणी, मग बराखीत साठवण.