पत आणि पत्ता : बीड जिल्ह्यातील ऑनलाइन व्यापाराची पूर्वपीठिका

भारतातील ऑनलाइन व्यापाराचा इतिहास सांगताना काही टप्पे हमखास सांगितले जातात : १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने जनतेसाठी खुले केलेले आंतरजाल, २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, आणि २००७ साली बंगळुरूत पुस्तकविक्रीने सुरू झालेले फ्लिपकार्ट. महानगरांपुरता हा क्रम पुरेसा आहे. बीडसारख्या जिल्ह्याचा विचार करू लागलो की तो अपुरा वाटतो. न पाहिलेल्या विक्रेत्याकडून न हाताळलेली वस्तू घेण्यासाठी यंत्राच्याही आधी दोन गोष्टी लागतात : वस्तू पोचेल असा पत्ता आणि व्यवहार बुडणार नाही अशी पत. या दोहोंचा इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ साली व्ही.पी.ची सोय केली. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवले की पार्सल मिळे आणि ती रक्कम खात्यामार्फत विक्रेत्याकडे जाई. एकमेकांना अनोळखी असलेल्या दोन माणसांमध्ये टपालखाते जामीन राहिले. मराठी ग्रंथव्यवहाराचा मोठा भाग या व्यवस्थेवर चालला. बीड मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे टपालखाते वेगळे, तिकिटे वेगळी आणि ‘हाली शिक्का’ हे नाणेही वेगळे. शेजारचा नगर जिल्हा इंग्रजी अमलात असल्याने दोन टपालखात्यांची आणि दोन नाण्यांची सीमा याच मुलखातून जात होती. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानाचे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले, तेव्हा ही सीमा पुसली गेली.

पुढचे पाऊल पत्त्याचे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड अमलात आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे साहित्यिक. या अंकांतही भूगोलाचे वास्तव उमटले आहे. बीड शहराचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७. पण याच जिल्ह्यातील आष्टीचा ४१४२०३, म्हणजे नगरच्या मालिकेतला. जिल्हा एक असला तरी टपालाची वाट दुसरीकडून येते. आज पार्सलांची वर्गवारी करणारी यंत्रे हेच अंक वाचतात.

२०१० साली फ्लिपकार्टने ‘माल हाती आल्यावर पैसे’ ही पद्धत आणली, तेव्हा ती नवी युक्ती म्हणून नावाजली गेली. वास्तविक ती व्ही.पी.चीच नवी आवृत्ती होती. २०१३ साली अॅमेझॉन भारतात आले. २०१६ मध्ये यूपीआय, स्वस्त मोबाइल डेटा आणि नोटाबंदी एकाच वर्षात आल्या आणि तालुक्याच्या गावांतही पैसे फोनवरून फिरू लागले. रेल्वे मात्र बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे या सर्वांनंतर पोचली. परळीला ती आधीपासून होती. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी तोवर येणारे प्रत्येक पार्सल रस्त्यानेच आले.

येथवरची कथा प्रगतीची आहे. अडचणींचे स्वरूप समजण्यासाठी मात्र जिल्ह्याच्या अर्थकारणाकडे पाहावे लागते. दिवाळीच्या सुमारास येथील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडत पाचसहा महिने फडावरच्या कोपीत राहतात. फोन त्यांच्या खिशात असतो, पण पत्ता गावी राहिलेला असतो. स्थिर घर गृहीत धरणाऱ्या व्यापाराला हा ग्राहक वर्षातील निम्मा काळ सापडतच नाही.

दुसरा प्रश्न उधारीचा. गावचा किराणा दुकानदार पीक हाती येईपर्यंत किंवा मजूर परतेपर्यंत वहीत नाव लिहून थांबतो. त्याला हे परवडते, कारण इतर गिऱ्हाईक रोखीने घेते. रोखीचे गिऱ्हाईक फोनकडे वळले आणि उधारीचे तेवढे दुकानात उरले, तर ती वही फार काळ टिकणार नाही. संकेतस्थळावर वस्तू स्वस्त मिळते हे खरे. परंतु पाऊस न झालेल्या वर्षी ओळखीवर तांदूळ मिळतो तो त्या वहीमुळे.

तिसरा प्रश्न दिशेचा. बालाघाटच्या डोंगरांतील बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तोडलेले सीताफळ दोनचार दिवसांत पिकून मऊ पडते. शीतगृह, वेष्टन आणि वेगवान वाहतूक यांच्याविना ते दूरच्या ग्राहकाच्या दारी धड पोचत नाही. मोबाइल सुरतेची साडी केजला सहज आणतो; धारूरचे सीताफळ दूरच्या शहरात नेणे अजून अवघड आहे.

एक बदल मात्र नोंदवण्याजोगा आहे. २० जुलै २०२० रोजी अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा हक्क दिला. विक्रेता कुठलाही असो, गेवराईच्या ग्राहकाला बीडच्या आयोगात दाद मागता येते. व्ही.पी.च्या काळी पोस्टाने जी जामीनकी पत्करली होती, तिचा काही भाग आता कायद्याने उचलला आहे. मात्र ही जामीनकी विकत घेणाऱ्यापुरती आहे. कोपीतल्या मजुराला पत्ता, वहीतल्या गिऱ्हाइकाला पत आणि सीताफळाला वाट मिळेपर्यंत या जिल्ह्यातील ऑनलाइन व्यापाराचा इतिहास मुख्यतः खरेदीचाच इतिहास राहील.