नरक्या

पाटण-कोयनेच्या रानात नरक्याला पूर्वी कुणी विचारत नसे. फुलोऱ्याला कुजकट वास आणि लाकूड घराच्या कामाला कुचकामी. नव्वदच्या दशकात मात्र सह्याद्रीत याच झाडावर कुऱ्हाडी चालू लागल्या. खोडा-मुळांच्या ढलप्या वाळवून पोत्यांनी जाऊ लागल्या. 'कॅन्सरचं औषध आहे' यापलीकडे तोडणाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. मुलांना घेऊन रानात गेले, तर एका ओढ्याकाठी नुसते बुंधे!

या औषधाची सुरुवात नंदुरबारमध्ये जन्मलेल्या मनसुख वाणींनी केली, याचं मला फार अप्रूप आहे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन वेगळं केलं. ते १९६६ साली प्रसिद्ध झालं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात मिळालं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते.

उंदरांच्या ल्युकेमियावर त्याचा गुण दिसला होता. पण माणसांना दिल्यावर लघवीतून रक्त जाऊ लागलं, पांढऱ्या पेशी घसरल्या. सत्तरच्या दशकातच चाचण्या थांबवल्या गेल्या. एवढी आशा लावलेलं औषध रुग्णांना झेपत नाही म्हणून बाजूला ठेवलं, याबद्दल त्या डॉक्टरांविषयी मला आदर वाटतो.

१९८५ मध्ये त्याचं काम कसं चालतं ते उलगडलं. पेशी दुभंगताना डीएनएला पीळ पडतो. एक एन्झाइम त्याचा एक धागा कापून पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन ही जोडणीच अडवतं. मग रेणूत बदल करून टोपोटेकान आणि इरिनोटेकान तयार झाली. पुन्हा चाचण्या झाल्या आणि १९९६ मध्ये अमेरिकेत दोन्हींना मंजुरी मिळाली. मधे तीस वर्षं गेली.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी पिशवीतून साल घेऊन आल्या. यजमानांना आतड्याचा कॅन्सर. "मॅडम, याचा काढा देऊ का? झाडपाल्याचंच आहे, बाधायचं नाही." मी फाइल मागितली. त्यांच्या सलाइनमध्ये इरिनोटेकानच होतं. म्हटलं, "वहिनी, या सालीतलं जे कामाचं आहे, तेच सुधारून यांना देतायत. उंची-वजनावरून डोस ठरवतात, दर वेळी रक्त तपासतात. जुलाब सुरू झाले की लगेच कळवायला सांगतात, कारण त्यानं माणूस दगावू शकतो. वरून काढा दिलात तर त्यात किती उतरलंय, हे कोण मोजणार?"

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी फाइलमधला रक्ताचा रिपोर्ट काढला आणि पांढऱ्या पेशींचा आकडा कुठे लिहिलेला असतो, ते मला दाखवायला सांगितलं.